मरणोत्तर रॅप-अल्बममधील बदललेला आवाज : श्रोत्यांचा आक्षेप आणि नाममुद्रेचा प्रश्न

ध्वनिमुद्रणाचा शोध लागल्यापासून गायकाचे आयुष्य आणि त्याच्या आवाजाचे आयुष्य ही दोन वेगवेगळी झाली. गायक जातो, तबकडी राहते, आणि पुढील पिढी त्याला तबकडीवरूनच ओळखते. एवढ्यात नवे काही नाही. परंतु रॅप ह्या अमेरिकन गानप्रकारात गेल्या सुमारे तीस वर्षांत एक निराळी प्रथा रूढ झाली आहे. कलावंताच्या अपमृत्यूनंतर त्याचे अपुरे व अप्रकाशित ध्वनिमुद्रण हाती घ्यावयाचे, त्यावर नवे वाद्यसंगीत चढवावयाचे, प्रसंगी आवाजाची लय व पट्टी बदलावयाची, शब्द कापून पुन्हा जोडावयाचे, आणि सिद्ध झालेला अल्बम मृताच्याच नावाने प्रसिद्ध करावयाचा, अशी ती प्रथा होय. चाहत्यांनी अशा अल्बमांचे उत्साहाने स्वागत केले, तसा त्यांच्यावर तीव्र रोषही प्रकट केला. हा रोष नेमका कशाविषयी आहे, तो केवळ भावविवशतेतून येतो की त्यामागे काही सुसंगत विचार आहे, आणि मराठीच्या अभ्यासकाला त्यातून काय घेता येईल, हे तपासणे हा ह्या लेखाचा विषय आहे.

१. फेरफाराचे चार प्रकार

आवाजात बदल केला, असे मोघम म्हटल्याने चर्चेत गोंधळ होतो. म्हणून प्रथम प्रकार वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रकार परिसराच्या बदलाचा. आवाज जसाच्या तसा ठेवून भोवतीची वाद्ये बदलली जातात. हिंदी चित्रपटगीतांच्या जुन्या मुद्रणांवर ढोलक व ड्रमचा ठेका चढवून काढलेल्या 'झंकार बीट्स'च्या ध्वनिफिती महाराष्ट्रात घरोघरी पोहोचल्या होत्या. जाणकारांनी त्यांना नाके मुरडली, सामान्य श्रोत्याने त्या आवडीने ऐकल्या, आणि मूळ गाण्याच्या ओळखीविषयी कोणाच्याही मनात संशय उत्पन्न झाला नाही.

दुसरा प्रकार आवाजाच्या गतीत व पट्टीत केलेल्या बदलाचा. तिसरा शब्दांच्या कापणी-जोडणीचा : मृताने एका ठिकाणी उच्चारलेला शब्द वा अक्षर दुसऱ्या ठिकाणी बसवून त्याने कधीच न केलेले विधान त्याच्या तोंडी घालणे. चौथा प्रकार आवाजाच्या निर्मितीचा. येथे मूळ मुद्रण मुळीच नसते. दुसऱ्या गायकाकडून नक्कल करवून घेऊन अथवा संगणकाला मृताच्या आवाजाचे वळण शिकवून नवा आवाज तयार केला जातो.

पहिल्या प्रकाराकडून चौथ्याकडे जाताना श्रोत्यांचा आक्षेप केवळ तीव्रतेने वाढत नाही, त्याचे स्वरूपच बदलत जाते. आरंभीचा आक्षेप रुचीचा असतो, शेवटचा सत्याचा असतो. ह्या दोहोंमधील सीमा कोठे पडते हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

२. 'लॉयल टू द गेम' : एक उदाहरण

तुपाक अमारू शकूर ह्या अमेरिकन रॅपरचा जन्म १६ जून १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. ७ सप्टेंबर १९९६ रोजी लास व्हेगस येथे त्यांच्यावर गोळीबार झाला आणि १३ सप्टेंबर रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. अखेरच्या वर्षात त्यांनी झपाट्याने गाणी मुद्रित केली होती, आणि त्यांतील पुष्कळशी अप्रकाशित राहिली होती. त्यांच्या मातोश्री आफेनी शकूर यांनी १९९७ मध्ये 'अमारू एंटरटेनमेंट' ही संस्था स्थापून हा ठेवा क्रमाक्रमाने प्रकाशित केला. १९९७ चा 'आर यू स्टिल डाउन?', २००१ चा 'अन्टिल द एंड ऑफ टाइम' व २००२ चा 'बेटर डेज' हे अल्बम त्यांपैकी होत. त्यांतही अनेक ठिकाणी मूळ साथ काढून नवी घातलेली होती. चाहत्यांची कुरकुर झाली, पण ती मुख्यतः पहिल्या प्रकारच्या फेरफाराविषयीची होती.

१४ डिसेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'लॉयल टू द गेम' ह्या अल्बमने मात्र चित्र पालटले. त्याची संगीतरचना एमिनेम ह्या विख्यात रॅपरने केली होती. कुटुंबाची संमती होती, आणि एमिनेम यांना शकूर यांच्याविषयी असलेला आदर सर्वश्रुत होता. तथापि आपल्या नव्या वाद्यरचनेत मूळ आवाज बसावा म्हणून त्यांनी त्याची गती व पट्टी अनेक ठिकाणी बदलली. एवढेच नव्हे, तर सुटे शब्द व अक्षरे जोडून शकूर यांच्या तोंडी 'जी-युनिट' ह्या रॅपर-मंडळीचे, ओबी ट्राइस ह्या गायकाचे आणि स्वतः एमिनेम यांच्या संक्षिप्त नावाचे उल्लेख घातले. १९९६ मध्ये निवर्तलेल्या गायकाच्या आवाजात २००५ ह्या सालाचाही उच्चार करविण्यात आला.

अल्बम अमेरिकेतील विक्रीच्या तक्त्यावर अग्रस्थानी पोहोचला. त्यातील 'घेटो गॉस्पेल' हे गीत २००५ मध्ये ब्रिटनमध्येही प्रथम क्रमांकावर गेले. म्हणजे श्रोत्यांनी अल्बम नाकारला असे म्हणता येत नाही. विकत घेणारे आणि आक्षेप घेणारे हे पुष्कळदा तेच लोक होते. त्यांचे आक्षेप तीन गटांत विभागता येतात. पहिला, सर्व गाण्यांवर संगीतकाराच्या शैलीची छाप बसून ती एकसुरी झाली. दुसरा, आवाज ओढल्यासारखा किंवा आवळल्यासारखा, यांत्रिक वाटतो. तिसरा, शकूर यांना जे ठाऊक असणे शक्य नव्हते ते त्यांच्याकडून बोलविले गेले. पहिल्या आक्षेपावर रसिकांत मतभेद होते व आहेत. तिसऱ्यावर मतभेद जवळजवळ नाहीत. ह्या अल्बमची आठवण निघाली की दोन दशकांनंतरही प्रथम त्या घुसडलेल्या शब्दांचीच आठवण निघते.

३. रॅपमध्येच हा घाव खोल का बसतो

भावगीताच्या वा ख्यालाच्या मुद्रणात थोडीशी गती बदलली तर कित्येकदा श्रोत्याच्या लक्षातही येत नाही. तबकडीच्या आरंभकाळात मुद्रणयंत्राचा वेग सर्वत्र सारखा नसे. मिनिटाला ७४ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली तर गती सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढते आणि पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. जुन्या गायकांच्या मूळ पट्टीविषयी संग्राहकांत चालणाऱ्या वादांचे एक कारण हेच आहे. तरीही चढलेल्या पट्टीतील गाणे गाणेच राहते, कारण स्वरांचे परस्परसंबंध अभंग असतात.

रॅपची गोष्ट निराळी आहे. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उदयास आलेला हा प्रकार म्हणजे ठेक्यावर केलेला यमकबद्ध उच्चार होय. त्यात स्वरांची चाल गौण, आणि अक्षर ठेक्याच्या किती पुढे वा मागे पडते हे प्रधान. हे पुढे-मागे पडणे हीच रॅपरची ओळख. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक मात्रा सुमारे ६६७ सहस्रांश सेकंदांची आणि तिचा चतुर्थांश सुमारे १६७ सहस्रांशांचा असतो. ह्या इवल्याशा घरात अक्षर किंचित उशिरा टाकणे हे कौशल्य आहे. ते ज्या ढोलाच्या ठेक्याला धरून केलेले असते तो ठेकाच काढून दुसरा घातला, तर जाणीवपूर्वक केलेला विलंब चुकीसारखा ऐकू येतो. मग तो सुधारण्यासाठी अक्षर सरकविले जाते, आणि गायकाची खूणच पुसली जाते.

दुसरे कारण उच्चारशास्त्राचे आहे. मनुष्य जेव्हा आपणहून जलद बोलतो तेव्हा सर्व ध्वनी सारख्या प्रमाणात आखूड होत नाहीत. स्वर अधिक आक्रसतात, व्यंजने त्या मानाने कमी. यंत्र मात्र सगळ्यांना एकाच मापाने आवळते. बेल प्रयोगशाळेत १९६६ मध्ये मांडल्या गेलेल्या 'फेज व्होकोडर' ह्या पद्धतीने पट्टी न बदलता गती बदलणे तत्त्वतः शक्य झाले, आणि संगणकामुळे ते पुढे सर्वत्र सुलभ झाले. तरीही त्यातून निघणारा उच्चार कोणत्याही जिवंत वक्त्याने केला नसता असाच असतो. श्रोत्याला हे शास्त्र ठाऊक नसते. त्याला फक्त 'हे तो बोलत नाही' एवढे जाणवते.

पट्टी चढविताना आणखी एक अडचण उद्भवते. कंठातून उठणाऱ्या ध्वनीला घसा व मुखाच्या पोकळीतील अनुनादांनी विशिष्ट रंग येतो. हे अनुनाद शरीराच्या घडणीवर अवलंबून असतात. गती वाढवून पट्टी चढविली की तेही वर सरकतात, आणि प्रौढाचा आवाज लहान देहातून आल्यासारखा भासतो. शकूर यांच्या बाबतीत हे अधिकच खटकण्याजोगे होते. आपल्याच आवाजाचे दोन-तीन थर एकावर एक चढविण्याची त्यांची पद्धत असे, आणि त्या थरांतील सूक्ष्म विसंवादातूनच त्यांच्या आवाजाचा भारदस्तपणा सिद्ध होत असे.

तिसरे कारण आशयाचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. रॅप बहुधा प्रथमपुरुषी असतो. गायक आपले नाव घेतो, आपला मोहल्ला सांगतो, सोबत्यांची व वैऱ्यांची नावे घेतो, साल सांगतो. ही सजावट नव्हे, साक्ष आहे. म्हणून तीत घातलेले परके नाव हे पाठभेदाच्या कोटीतले राहत नाही, ते खोट्या साक्षीच्या कोटीत जाते.

४. मराठी परंपरेतील कसोटी

ह्या ठिकाणी मराठीच्या अभ्यासकाला ओळखीचा प्रदेश दिसू लागतो. रचनेच्या अंती कवीचे नाव गुंफण्याची जी नाममुद्रेची पद्धत संतांनी व शाहिरांनी चालविली, तिचे कार्य रॅपमधील स्वनामोच्चाराच्या कार्याशी मिळतेजुळते आहे. रचना तोंडातोंडी फिरत असता तिचा धनी कोण, हे त्या मुद्रेने ठरते.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावासारख्या वऱ्हाडी गावाकडे ह्या दृष्टीने पाहावे. भजनाची परंपरा असलेल्या ह्या मुलखात तुकोबांचा अभंग एक मंडळी एका चालीवर म्हणते, दुसरी मंडळी दुसऱ्या. कोणी तो द्रुत लयीत घेते, कोणी ठाय लयीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरीची भजने त्यांच्या पश्चात हार्मोनियम, तबला आणि अलीकडे विजेच्या वाद्यांवरही गायिली गेली. ह्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. चाल, लय, पट्टी व साथ ही गाणाऱ्याची, असा अलिखित करार आहे. परंतु शेवटच्या चरणात 'तुका' किंवा 'तुकड्या' हे नाव आले की त्या नावाखालचे शब्द त्याचेच असले पाहिजेत, हाही त्याच कराराचा भाग आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते असंख्य गायकांच्या कंठांतून फिरली. तेथेही कडव्यातील 'वामन' ह्या मुद्रेला हाच मान मिळाला.

हा करार किती जुना आहे हे दाखविणारी दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि जो कोणी तीत आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशा अर्थाची ताकीद शेवटी दिली. ज्ञानेश्वर समाधिस्थ होऊन त्या वेळी सुमारे तीन शतके लोटली होती. मूळ कर्ता हरकत घेण्यास हयात नाही, म्हणून वाचकाने ती घ्यावी, हा त्या ताकिदीचा अर्थ आहे. दुसरे उदाहरण सालोमालोचे. तुकारामांच्या अभंगांवर आपली मुद्रा घालणाऱ्या ह्या कीर्तनकाराविषयीचे अभंग गाथेतच आढळतात, आणि प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) ह्या चित्रपटाने त्याला घरोघर पोहोचविले. सालोमालो दुसऱ्याच्या शब्दांखाली आपले नाव लिहितो. 'लॉयल टू द गेम'मध्ये नेमके उलट घडले, दुसऱ्याच्या नावाखाली आपले शब्द गेले. दिशा भिन्न असली तरी दोषाची जात एकच.

ह्यावरून रॅपच्या चाहत्यांच्या प्रतिक्रियेतील वरवर विसंगत भासणारी गोष्ट उलगडते. तेच श्रोते एका अल्बममधील नव्या साथीला मान्यता देतात आणि दुसऱ्यातील एका शब्दासाठी संतप्त होतात. चालीचे स्वातंत्र्य आणि मुद्रेचे पावित्र्य यांत भेद करणाऱ्याला ह्यात विसंगती दिसणार नाही. मात्र ध्वनिमुद्रणाने एक गोष्ट बदलली. भजनात लय बदलणारा आपल्या कंठाने बदलतो, आणि ऐकणाऱ्याला तो समोर दिसतो. मुद्रणात तो बदल मृताच्या कंठावरच केला जातो, आणि करणारा अदृश्य राहतो. आवाज हाच आता मुद्रा झाला आहे. त्यामुळे पूर्वी निर्दोष असलेला लयबदलही येथे मुद्रेला स्पर्श करू लागतो.

५. श्रोता : साक्षीदार, पण न्यायाधीश नव्हे

चाहत्यांची प्रतिक्रिया केवळ तक्रारीपुरती नसते. शकूर यांच्या चाहत्यांनी मूळ, असंस्कारित मुद्रणांच्या खाजगी प्रती जमविल्या, अधिकृत पाठाशी त्या ताडून पाहिल्या, कोठे काय कापले व जोडले ह्याच्या याद्या केल्या, आणि मूळ प्रतींना अधिकृत अल्बमपेक्षा अधिक मान दिला. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ व १८७३ मध्ये तुकारामांची गाथा दोन खंडांत सिद्ध करताना हस्तलिखिते ताडून पाहिली. त्या कामाचे शास्त्र ह्या चाहत्यांच्या गावीही नसेल, परंतु त्यांच्या खटाटोपाचे तत्त्व तेच आहे.

तथापि चाहत्याचा कान अचूक असतो असे मानणे धोक्याचे होईल. शकूर जिवंतच आहेत ह्या समजुतीने अनेकांनी त्यांच्या गाण्यांत गुप्त खुणा ऐकल्या. 'द डॉन किल्युमिनाटी' हा अल्बम नोव्हेंबर १९९६ मध्ये 'माकावेली' ह्या टोपणनावाने निघाला, त्यावर तर अशा तर्कांचे इमलेच उभे राहिले. शोकाकुल मन जे हवे ते ऐकते.

मायकेल जॅक्सन यांच्या 'मायकेल' (डिसेंबर २०१०) ह्या मरणोत्तर अल्बमचे प्रकरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. तो रॅपचा अल्बम नसला तरी श्रोत्यांच्या साक्षीचे मोल तेथे न्यायालयापर्यंत गेले. त्यातील तीन गीतांतला आवाज जॅक्सन यांचा नाही, असे चाहत्यांनी प्रथमपासून म्हटले. प्रकाशकांनी तो अस्सल असल्याचे सांगितले. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील एका श्रोतीने ग्राहकाची फसवणूक झाल्याचा दावा केला. जुलै २०२२ मध्ये ती गीते अल्बमच्या प्रसारित आवृत्तीतून काढण्यात आली, मात्र ह्याचा अस्सलपणाशी संबंध नाही असे प्रकाशकांनी जाहीर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, अल्बमच्या वेष्टनावरील कर्तृत्वाचे विधान हे व्यापारी विधान असून त्याबद्दल दाद मागता येते, असा निर्णय दिला. आवाज कोणाचा होता हे न्यायालयाने ठरविले नाही. श्रोत्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, एवढे मात्र ठरले.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नोंदविले पाहिजे. कोणतेही मुद्रण संस्काराशिवाय बाहेर पडत नाही. हयात कलावंताचा आवाजही कापला, जोडला, सुधारला जातो, आणि १९९७ पासून 'ऑटो-ट्यून' ह्या साधनाने तर सूर दुरुस्त करणे नित्याचे झाले. मग मृताच्याच बाबतीत एवढा गहजब का? उत्तर असे की हयात कलावंत शेवटी होकार वा नकार देतो, आणि मृताच्या मुद्रणातून नेमकी ही नकाराची शक्यता नाहीशी झालेली असते. ती भरून काढण्याचा एक मार्ग मॅक मिलर ह्या रॅपरच्या 'सर्कल्स' (जानेवारी २०२०) ह्या अल्बममध्ये दिसतो. मिलर यांचे निधन सप्टेंबर २०१८ मध्ये झाले. त्यांच्याबरोबर ह्याच अल्बमवर काम करीत असलेले जॉन ब्रायन यांनी तो पूर्ण केला, आणि हे कार्य कोणी व कसे केले हे कुटुंबाने आरंभीच प्रकट केले. श्रोत्यांनी तो आदराने स्वीकारला. अपुरे पुरे करण्याला विरोध नसून लपविण्याला आहे, असा ह्याचा निष्कर्ष निघतो.

६. निर्मित आवाज आणि कायदा

चौथ्या प्रकाराने प्रश्न अधिक बिकट केला आहे. एप्रिल २०२४ मध्ये ड्रेक ह्या कॅनेडियन रॅपरने आपल्या एका गीतात संगणकनिर्मित आवाजात शकूर यांना बोलविले. शकूर यांच्या वारसांच्या वतीने कायदेशीर इशारा जाताच ते गीत मागे घेण्यात आले. भारतात जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' ह्या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी बंबा बाक्या व शाहुल हमीद ह्या दिवंगत गायकांचे आवाज ह्याच रीतीने निर्माण केले. कुटुंबीयांची परवानगी घेतल्याचे व मोबदला दिल्याचे त्यांनी जाहीर केले, तरी रसिकांत दोन तट पडलेच. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आवाजाचा 'कीडा कोला' ह्या तेलुगू चित्रपटात संमतीवाचून वापर झाल्याबद्दल त्यांच्या पुत्राने नोटीस दिली.

रॅपच्या जगात संमतीचा प्रश्न भारतातही उपस्थित झाला. पंजाबी गायक-रॅपर सिद्धू मूसेवाला यांची २९ मे २०२२ रोजी हत्या झाली. त्यांचा आवाज असलेले 'जांदी वार' हे गीत मुंबईचे संगीतकार सलीम मर्चंट प्रसिद्ध करणार होते. मातापित्यांनी मानसा येथील न्यायालयात धाव घेऊन त्यास मनाई मिळविली. उलट कुटुंबाच्या संमतीने निघालेल्या 'चोरनी' (२०२३) ह्या गीतात मुंबईचेच रॅपर डिव्हाइन यांची साथ होती, आणि तिचे स्वागत झाले.

कायद्याचे चित्र अपुरे आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८ ब हे कलावंताला आपल्या सादरीकरणाचे प्रतिष्ठेस बाधक विकृतीकरण रोखण्याचा अधिकार देते. कलम ५७ खालील लेखकाचे विशेष अधिकार त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींना बजावता येतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना आवाजाच्या अनधिकृत संगणकीय नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. परंतु ही दाद कलावंतांनी हयातीत स्वतः मागितली होती. मृताच्या बाबतीत, सुशांतसिंह राजपूत यांच्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, खाजगीपणाचे व व्यक्तिमत्त्वाचे असे अधिकार मृत्यूबरोबर संपतात, असे मत दिले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये मृत कलावंताच्या संगणकीय प्रतिकृतीसाठी वारसांची संमती आवश्यक केली. भारतात तशी स्पष्ट तरतूद नाही. अशा स्थितीत श्रोत्यांचा आक्षेप हाच पुष्कळदा मृताच्या आवाजाचा एकमेव रक्षक उरतो.

७. मराठी अभ्यासापुढील कार्य

हा विचार मराठी विभागांच्या दाराशी येऊन ठेपला आहे. मराठीतही रॅप आता बाल्यावस्थेत राहिलेला नाही. मुंबईच्या 'स्वदेशी' ह्या बहुभाषिक मंडळीने मराठीला त्यात स्थान दिले. ह्याच मंडळीतील धर्मेश परमार ऊर्फ 'एमसी तोडफोड' हे मार्च २०२२ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी निवर्तले. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर 'हंड्रेड आरबीएच' ह्या नावाने रॅप करतात. वऱ्हाडी तोंडातून निघणाऱ्या रॅपमध्ये बोली हीच स्थानाची मुद्रा असते. 'मला'च्या जागी 'मले', 'जवळ'च्या जागी 'जवय' हे उच्चार तेथे अर्थाइतकेच बोलतात. प्रमाणभाषेच्या नमुन्यांवर घडविलेल्या यंत्राने उद्या एखाद्या दिवंगत वऱ्हाडी गायकाचा 'य' सुधारून 'ळ' केला, तर शब्द तोच राहील आणि साक्ष मात्र बदलेल. कामरगावच्या श्रोत्याला तो फरक क्षणात कळेल, आणि पुण्या-मुंबईच्या संपादकाला कदाचित कळणारही नाही.

लोकसाहित्याच्या संग्रहांना हीच गोष्ट लागू पडते. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या, त्यांपैकी पुष्कळ मुद्रितही झाल्या, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने त्या प्रसिद्ध केल्या. ह्या गायिकांपैकी कित्येक आज हयात नाहीत. उद्या कोणी त्यांवर नवा ठेका चढविला, जात्याची घरघर 'गोंगाट' म्हणून पुसून टाकली, किंवा लय आवळली, तर त्या मुद्रणाला त्या बाईचे मुद्रण म्हणावयाचे काय, हा प्रश्न उभा राहील. तिच्या बाजूने बोलावयास चाहत्यांचा समुदायही नसेल.

पाठचिकित्सेने हस्तलिखितांसाठी घालून दिलेले नियम ध्वनीलाही लावता येतात. मूळ मुद्रण अविकृत जतन करून अभ्यासकाला उपलब्ध ठेवावे. गती, पट्टी, साथ व शब्द यांपैकी कशात बदल केला ते प्रत्येक गीतापुरते नोंदवावे, आणि बदल करणाऱ्याचे नाव मृताच्या नावाशेजारी, तेवढ्याच ठळकपणे द्यावे. कापून-जोडून केलेले विधान मृताचे म्हणून कधीच प्रसिद्ध करू नये. निर्मित आवाज वापरलाच तर गीतातच त्याची घोषणा असावी. वारसांची संमती आवश्यक असली तरी ती पुरेशी मानू नये, कारण 'लॉयल टू द गेम'लाही संमती होती. संमतीने व्यवहार निर्दोष होतो, पाठ शुद्ध होत नाही.

प्रकाशकाला ह्या नियमांचा खर्च फारसा नाही. वेष्टनावरच्या चार ओळी आणि मूळ मुद्रणाची एक प्रत, एवढाच तो आहे. न पाळल्यास मात्र पुढील पिढीच्या हाती जो शकूर, जो मूसेवाला किंवा जी ओवी गाणारी बाई पडेल, तिच्यात मूळ किती आणि भर किती हे ठरविण्याचे साधनच उरणार नाही. एकनाथांना ताडून पाहण्यास ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती तरी उपलब्ध होत्या. ध्वनीच्या बाबतीत मूळ प्रत एकदा पुसली गेली की ताडून पाहण्यास काहीच शिल्लक राहत नाही.